दादाच्या हाताचे जंतू

फिनाईल हे तिचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पण संस्थेतल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव आठवत नसे आणि उरलेल्या निम्म्यांना ते उच्चारायची हिंमत होत नसे. समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की फिनाईल. तिला हे ठाऊक होतं. तिची हरकतही नव्हती, कारण माणसांना पडणारी टोपणनावं बहुधा निरुपयोगी असतात आणि हे निदान फरशी पुसायच्या कामाचं होतं.

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत शेवाळाची खोली तिच्या ताब्यात होती. व्हरांड्याच्या अगदी टोकाला, दोन दारं ओलांडून आत. भिंतीला लागून मांडण्या, मांडण्यांवर पांढऱ्या ट्यूब, आणि त्यांच्या उजेडात कापसाचे बोळे लावलेले काचेचे फ्लास्क. आत समुद्राचं पाणी आणि डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. दिसायचा तो नुसता रंग. कुठे हिरवा, कुठे पिवळट, कुठे पातळ चहासारखा. दर आठवड्याला प्रत्येक जुन्या फ्लास्कमधलं थोडं पाणी नव्या, उकळून थंड केलेल्या पाण्यात सोडायचं, की शेवाळाचा पुढचा आठवडा सुरू. खोलीत याला बदली म्हणत. जन्मभर केलं काय, तर बदल्या. सांगायला गेलं तर काहीच नाही, पण बदली करताना कुणी खोकलं तरी हवेतले जिवाणू आत शिरतात आणि फ्लास्क नासतो. त्यामुळे त्या खोलीत कुणी खोकत नसे. खोकला आलाच तर लोक तो गिळत आणि व्हरांड्यात जाऊन बाहेर काढत.

एकदा संचालक पाहणीला म्हणून बूट घालून आत आले. ते बोलत पुढे चालले आणि ही मागून त्यांची पावलं पुसत चालली. वळून पाहिल्यावर साहेबांचं बोलणं आपोआप थांबलं. त्यानंतरच्या सगळ्या पाहण्या त्यांनी दारातूनच केल्या आणि खोली उत्तम असल्याचा शेरा दिला.

लग्न तिने केलं नाही. एक स्थळ बरं होतं, पण त्या गृहस्थाचा चमचा खाली पडला आणि त्याने तो उचलून, फुंकर मारून, पुन्हा चहात घातला. विषय तिथेच संपला. थोरल्या भावाचंही लग्न झालं नाही, पण त्याचं कारण निराळं. तो जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरीला होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने पाण्याच्या पातळीखाली काढली, आणि वर येऊन पाहतो तर वय निघून गेलं होतं. मग दोघं भावंडं एकाच घरात राहू लागली. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मधला बोळ तिचा. मागची खोली त्याची. तिथे तो लोकांच्या छोट्या होड्यांची इंजिनं खोलून बसे. जुळवूनही देत असे, पण खोलून बसणं जास्त.

दादा स्वभावाने गरीब आणि हाताने तेलकट. दिव्याच्या बटणावर त्याचा अंगठा, फ्रिजच्या दारावर त्याचा अंगठा, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर त्याचाच अंगठा. ती रोज सकाळी फडका घेऊन ते पुसत फिरायची.

"हात धुतलास?"

"धुतला."

"साबणाने?"

"पाण्याने."

"मग धुतला नाहीस, ओला केलास."

हा संवाद त्या घरात इतका मुरला होता की कधीकधी दादा सकाळी उठल्याउठल्या, कुणी काही विचारायच्या आत, "पाण्याने" असं म्हणून मोकळा होई.

तरी या सगळ्या अंगठ्यांचा तिला तेवढा राग नव्हता. राग होता एकाच अंगठ्याचा, आणि तो फार जुना होता.

नोकरीला नवी लागली तेव्हाची गोष्ट. तेव्हाच्या मोठ्या सरांनी सगळ्या नवख्यांना समुद्राच्या पाण्याचे नमुने आणायला पिटाळलं होतं. ही बंदराच्या जुन्या जेटीवर गेली. ओहोटी होती, पायऱ्या बुळबुळीत होत्या, म्हणून जेटीवर पालथी पडून तिने बाटली धरलेला हात खाली सोडला. दादा तेव्हा रजेवर आलेला. रजेवर असूनही कुणाचंतरी इंजिन दुरुस्त करत तिथेच घुटमळत होता. बहीण पाण्यात जाईल म्हणून तो धावला. एका हाताने त्याने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने भरलेली बाटली वर घेतली. झाकण सापडेना. पाणी सांडू नये म्हणून त्याने बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. हाच तो अंगठा.

त्या बाटलीतून जे शेवाळ वाढलं ते त्या किनाऱ्यावर तोवर कुणी पाहिलं नव्हतं. सुईसारखं बारीक, सोनेरी तपकिरी. सरांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून पाहिलं आणि सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. खोलीतले बाकीचे सगळे वाण दुसऱ्या कुणीतरी शोधलेले होते. हा एकटा तिचा. फ्लास्कवर चिठ्ठी लागली, 'जेटीवरची'. पुढे जुनी जेटी पाडून तिथे भराव घातला, वर गाड्या उभ्या करायची जागा केली, आणि त्या पाण्याची आठवण म्हणून जगात एवढा एक फ्लास्क उरला.

पण भिंगातून पाहिलं की सुईच्या अंगाला चिकटलेल्या बारीक काड्या दिसत. त्या काड्या म्हणजे जिवाणू. बाकी सगळे वाण तिने औषधं घालून, धुऊन, निवडून शुद्ध केले. प्रत्येक फ्लास्कात एकटं शेवाळ, दुसरं काही नाही. जेटीवरची मात्र काही केल्या सोबत सोडीना. तिने जिवाचं रान केलं. औषध वाढवलं की शेवाळ मरायला टेकायचं, कमी केलं की काड्या हजर. आपली एकुलती एक, आणि तीच नासलेली.

कुणामुळे, हे तिने ठरवून टाकलं. जी बाई धुतलेली काचेची पट्टीही भिंगाखाली तपासल्याशिवाय वापरत नसे, तिने ही एक गोष्ट न तपासता मान्य केली. पाहुणे खोलीत येत, भिंगाला डोळा लावत आणि विचारत, "या काड्या कसल्या?" ती आवाज खाली आणून सांगे, "ते माझ्या भावाकडून आलेत." घराण्यातला एखादा आजार सांगावा तशी. काही पाहुण्यांचा समज झाला की हिचा भाऊ मोठा शास्त्रज्ञ असून त्याने हे जिवाणू मुद्दाम पाठवलेत. घरी कुणी आलं आणि विषय निघाला, तर दादा काही बोलत नसे. हात खिशात घाली.

त्या वाणाचा नमुना तिने कधी कुणाला दिला नाही. बाहेरून मागणी आली की उत्तर ठरलेलं, "अजून तयार नाही." नासलेली पोर लोकांच्या घरी कशी पाठवायची?

एकदाच दादा बोलला. संस्थेच्या फाटकावर तो तिला न्यायला आला होता आणि दिवसभराच्या वैतागाने ती त्याच्यावर घसरली. "तुझ्या अंगठ्याने माझं वाटोळं केलं. आजही त्या काड्या तशाच."

"जंतू माझ्या हाताचे ना?" दादाने विचारलं.

"तुझ्याच हाताचे."

"मग माझे मला दे. मी घेऊन जातो. तुझं तुझ्याकडे राहू दे."

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, हे तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाहिलं. ती तरातरा वर गेली, टाकून द्यायला काढलेला जेटीवरचीचा एक जुना फ्लास्क उचलून आणला आणि भावाच्या हातात दिला. दादाने घरी येऊन तो जॅमच्या रिकाम्या बाटलीत ओतला आणि बाटली मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. पाणी आटलं की तो होड्यांच्या यार्डातून समुद्राचं पाणी आणून भर घाली. आणि अधूनमधून इंजिनच्या तेलाचा एक थेंब.

"तेल कशाला घालतोस?" तिने दारातूनच विचारलं होतं.

"माझ्या हाताचे आहेत. तेलाची सवय असणार त्यांना."

त्यानंतर तिने त्या बाटलीकडे पाहणं सोडलं. मागच्या खोलीत ती तशीही श्वास रोखूनच जायची.

निवृत्ती जवळ आली तेव्हा कळलं की शेवाळाची खोली तिच्याबरोबरच बंद होणार. सगळे वाण दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संग्रहात जाणार होते आणि तिथल्या नियमात लिहिलं होतं, शुद्ध वाणच स्वीकारले जातील. बाकीच्यांची चिंता नव्हती. जेटीवरचीचं काय? ती नाकारली गेली तर खोली रिकामी करणारी माणसं तो फ्लास्क मोरीत ओततील, आणि आपण या जगात एक वस्तू शोधली होती याचा पुरावा नळीतून समुद्राला जाऊन मिळेल. संग्रहाला एक फोन करून विचारता आलं असतं. पण फोन केला तर नासलेली आहे हे तोंडाने सांगावं लागणार. तिने फोन केला नाही.

शेवटचा प्रयत्न म्हणून तिने केसाइतक्या बारीक काचेच्या नळीने एकेक सुई वेचली, धुतली, औषधात ठेवली, पुन्हा धुतली. आणि एका सकाळी भिंगाखाली नुसत्या सोनेरी सुया दिसल्या. काड्या नाहीत. तिने पट्टी बदलून पाहिली, भिंग पुसून पाहिलं. नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते कागदाने टिपलं आणि कागद योग्य त्या डब्यात टाकला.

आता त्या खोलीच्या भिंतीवर तिच्याच हस्ताक्षरात एक नियम लावलेला होता: शुद्ध केलेला वाण बरेच महिने नीट वाढतोय याची खात्री होईपर्यंत जुना, मूळचा फ्लास्क टाकायचा नाही. हा नियम मोडला म्हणून तिने माणसांना रडवलं होतं. त्या सकाळी तिने जेटीवरचीचे सगळे जुने फ्लास्क काढले, त्यांत ब्लीच ओतलं, वर वाफेच्या कुकरात घालून शिजवले. स्वच्छ पोरीशेजारी घाण ठेवणं तिच्याने होईना. इतक्या वर्षांचा सूड होता तो, आणि ब्लीचच्या वासात तिला फार बरं वाटलं.

त्याच भरात ती घरी आली. बटणावर अंगठा होताच.

"मागची खोली रिकामी कर," ती म्हणाली. "आता मी घरीच असणार. या घरात एक तर मी राहीन, नाही तर ते इंजिन."

दादाने बराच वेळ इंजिनाकडे पाहिलं. "ते लोकांचं आहे," तो म्हणाला. "त्याला टाकून चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने हत्यारं, इंजिन आणि अंथरूण एका टेम्पोत भरलं आणि यार्डातल्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. जॅमची बाटली तेवढी काखेत धरून टेम्पोत पुढे बसला.

तिने मागची खोली घासून काढली. घर इतकं स्वच्छ झालं की चालताना आपल्याच पावलांचा आवाज यायला लागला. सकाळी उठून ती फडका घेऊन बटणांकडे जायची आणि बटणं पांढरीशुभ्र असायची. तरी ती पुसायची. घर खायला उठतं म्हणतात ते तिला कळलं, पण तिने दोष हवेला दिला. तिला दादाची आठवण येत होती. एवढी साधी गोष्ट मान्य करायला तिला उकळून थंड केलेले शब्द सापडत नव्हते.

आणि तिकडे जेटीवरची फिकी पडू लागली.

पहिल्या काही बदल्या ठीक झाल्या. मग रंग उतरला. मग सुया एकमेकींना चिकटून तळाशी बसायला लागल्या. तिने जीवनसत्त्वं वाढवली, लोह वाढवलं, उजेड कमी केला, वाढवला, फ्लास्क खिडकीजवळ नेला, परत आणला. डोळ्यांत तेल घालून पहारा केला. दर बदलीला नवा फ्लास्क जुन्यापेक्षा फिका. शेवटी शेवटी ती फ्लास्कशी बोलू लागली आणि कुणी आलं की फोनवर बोलत असल्यासारखं करू लागली.

अशा दिवसांत संग्रहातली मुलगी वाण न्यायला आली. मुलगी म्हणजे चांगली शिकलेली शास्त्रज्ञ, पण वय भाचीचं. तिने न सांगता चपला बाहेर काढल्या, त्यामुळे पहिल्या भेटीतच तिला मार्क मिळाले. एकेक फ्लास्क पाहत ती जेटीवरचीपाशी आली, थेंब घेऊन भिंगाखाली धरला आणि डोळा लावला.

"ही शुद्ध केलेली आहे," फिनाईल म्हणाली.

"ते दिसतंय. मरतेय." मुलीने मान वर केली. "जुनी कुठे आहे मॅडम? सोबत असलेली? मोठ्या सरांच्या जुन्या लेखात चित्र आहे, अंगाला काड्या चिकटलेल्या. मी खास त्यासाठी आले."

"तुम्हाला शुद्धच लागतात ना?"

"नियम जुना आहे. आता सोबतवाल्यांना वेगळं कपाट केलंय. फोन केला असतात तर सांगितलं असतं." मग तिने ज्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली तो पाहून फिनाईलला आपले नवे दिवस आठवले. "मॅडम, समुद्रात तेल खाणारे जिवाणू असतात. पण समुद्रात तेल काही रोज सांडत नाही. मग एरवी ते जगतात कशावर? त्यातले काही अशा शेवाळाच्या अंगावर राहतात. शेवाळ स्वतःच थोडं तेलकट काहीतरी तयार करतं, तेवढ्यात यांचं भागतं. आणि हेही शेवाळाला लागणारं काहीबाही देत असतात. उद्या एखाद्या जहाजातून तेल गळलं, तर हेच आधी जेवायला बसतात. तुमच्या काड्या त्यातल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे."

"त्या माझ्या भावाच्या हाताच्या होत्या," फिनाईल म्हणाली.

मुलगी हसली नाही. तिने प्रामाणिकपणे विचार केला. "हातावरचे जिवाणू खाऱ्या पाण्यात, शेवाळाला चिकटून, इतकी वर्षं टिकणार नाहीत. हे समुद्रातलेच. पहिल्यापासून तिच्याबरोबर असणार. तुमच्या भावाचा यात काही संबंध नाही."

खोलीत एक उंच स्टूल होतं. त्यावर फिनाईल कामाशिवाय कधी बसली नव्हती. ती बसली.

"थोडीशीसुद्धा उरली नाही का?" मुलीने विचारलं. "एक थेंब पुरेल."

"मी काही अर्धवट टाकत नाही," फिनाईल म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात अनेकदा म्हटलं होतं, पण ते इतकं वाईट ऐकू येतं हे तिला माहीत नव्हतं.

मग तिला जॅमची बाटली आठवली. आणि ती बाटली तिने घराबाहेर काढली होती. भावासकट.

ती उठली, एक निर्जंतुक फ्लास्क आणि पिपेट पिशवीत घातली आणि निघाली. खोलीतल्या रबरी चपला खोलीबाहेर जाता कामा नयेत हा दुसरा नियम. त्या चपला व्हरांड्यातून, जिन्यावरून, फाटकातून, रस्त्यावरून, गाळातून थेट यार्डात गेल्या. पहारेकऱ्याने डोळे चोळले.

यार्डात होड्या टेकूंवर उभ्या होत्या. कुणी तळ खरवडत होतं, कुणी रंग लावत होतं. सगळीकडे डिझेलचा वास. पत्र्याच्या खोलीसमोर दादा इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. बहिणीला पाहून त्याने हात बाहेर काढले आणि ती काही बोलायच्या आत म्हणाला, "धुतलेले नाहीत."

"बाटली कुठे आहे?"

"कुठली?"

"जंतूंची."

"खोलीला खिडकी नाही," दादा म्हणाला. "आत अंधारात मरतील म्हणून—"

"टाकलीस?"

"बाहेर ठेवलीय. तिथे."

एका उलट्या घातलेल्या होडीवर, सावली पडेल अशा बेताने, बाटली ठेवलेली होती. पाणी निम्म्यावर आलेलं, वर तेलाचा तवंग, तळाला तपकिरी गाळ. तिने ती उजेडात धरली आणि हलकेच कलती केली. गाळ जागचा उठला आणि पाण्यात पसरला. रंग सोनेरी होता की नुसता गंजाचा, हे तिला सांगता येईना.

"परवाच थेंब दिलाय," दादा म्हणाला.

"आधी घातलेलं तेल कुठे जातं?"

"जातं कुठेतरी. काही दिवसांनी दिसत नाही. उडत असेल."

"इंजिनचं तेल उडत नाही दादा. तुला माहितेय."

"मग मुरत असेल." त्याला त्यात फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

तिने बाटली होडीवर ठेवली. "दादा, ते तुझ्या हाताचे नाहीत."

"काय?"

"जंतू. ते समुद्रातलेच आहेत. पहिल्यापासून तिच्याबरोबरच होते. तुझ्या अंगठ्याचा काही संबंध नव्हता."

दादाने फडका घेतला आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली. ती थांबली. आता तो बोलेल, आणि त्याने वाटेल ते बोलावं, आपण ऐकून घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बोटं पुसून झाली. अंगठा राहिला होता.

"म्हणजे माझे नव्हेत?" त्याने विचारलं.

"नव्हेत."

"मग इतकी वर्षं मी कुणाची पोरं सांभाळली?"

"माझी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी माझ्याकडची मारून टाकली. सगळी. आणि तुला जन्मभर उगाच बोलले. चुकलं माझं."

इंजिनातून नवाच आवाज आला की दादा मान वाकडी करून ऐकत असे. तशी त्याने मान वाकडी केली. पण आवाज पुन्हा आला नाही, आणि पुन्हा काढायला लावण्याइतका तो दुष्ट नव्हता.

"झाकण गंजलंय," तो म्हणाला. "तुझ्याने निघायचं नाही. मी काढलं असतं, पण हात…"

"काढ."

त्याने अंगठा दाबून झाकण फिरवलं.

संस्थेत परतल्यावर मुलीने आणि तिने आळीपाळीने भिंगातून पाहिलं. बहुतेक सुया रिकाम्या होत्या, नुसती कवचं. एका कोपऱ्यात मात्र थोड्या सुया सोनेरी होत्या आणि त्यांच्या अंगाला काड्या चिकटलेल्या होत्या, पूर्वीसारख्याच, निर्लज्ज. ज्या काड्या दिसल्या की जन्मभर तिचं डोकं फिरायचं, त्या पाहून तिला रडू आलं. या वेळी कागद कुठे पडला ते तिने पाहिलं नाही.

मुलगी बाकीचे वाण घेऊन गेली आणि जेटीवरची वाढली तर महिनाअखेर परत येते म्हणाली. फिनाईलने नवीन फ्लास्क भरला, कापूस लावला आणि वाट पाहिली. कितीतरी दिवस पाणी पाण्यासारखंच दिसत राहिलं. मग एका सकाळी तिला वाटलं की फ्लास्क आपण नीट पुसला नाही. तिने पुसला. डाग आतून होता, फिकट सोनेरी. दुसऱ्या दिवशी तो पातळ चहासारखा झाला.

ती त्याच पावली यार्डात गेली. रंग आल्याचं सांगितलं. दादा म्हणाला, "छान."

"मागची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली.

"घाण होईल."

"होऊ दे."

"नवीन इंजिन आलंय. पहिल्यापेक्षा मोठं आहे."

"दारातून मावेल?" तिने विचारलं.

मावलं नाही. चौकट काढावी लागली, आणि भिंतीला काळा ओरखडा पडला तो पडलाच.

महिनाअखेर मुलगी आली. शेवाळाच्या खोलीत आता रिकाम्या मांडण्या आणि एक फ्लास्क उरला होता. फ्लास्क बर्फाच्या पेटीत ठेवायचा, पेटी खाली गाडीपर्यंत न्यायची, आणि खोलीला कुलूप. पेटी उचलायला म्हणून दादाला बोलावलं होतं. तो चपला काढून बाहेरच्या दाराशी उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नाही, सवय नव्हती.

मुलगी नोंदी करत होती. शेवाळ कुठलं, तर जुन्या जेटीवरचं. गोळा कुणी केलं, तर मॅडमनी. "आणि सोबतचे जिवाणू?" तिने विचारलं. "तुमच्याकडचे तर संपले होते. हे कुठून मिळाले म्हणून लिहू?"

"ते माझ्या भावाकडून आलेत," फिनाईल म्हणाली.

हे सांगताना ती नेहमी आवाज खाली आणायची. आज ते दोन दारं ओलांडून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं. बाहेरच्या दाराशी दादाने सवयीने हात खिशात घातले.

"हात काढ खिशातून," ती आतून ओरडली. "पेटी जड आहे. एका बाजूने तू धर."